जेरी राइस: गुडघ्यानंतरचे ६,४४० यार्ड

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या विक्रमांच्या पुस्तकात जेरी राइस या रिसीव्हरच्या, म्हणजे फेकलेला बॉल घेणाऱ्या खेळाडूच्या, नावापुढे १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड (एक यार्ड म्हणजे सुमारे ०.९ मीटर) आणि झेल घेऊन केलेले १९७ टचडाउन (बॉलसह विरोधी टोकाच्या एंड झोनमध्ये पोचणे) आहेत. हे आकडे इतक्या वेळा छापून आले आहेत की आता त्यांच्याकडे कोणी निरखून बघत नाही. आपण ते मधोमध चिरून बघू.

१९९६चा हंगाम संपला तेव्हा राइस १२ हंगाम खेळला होता आणि वयाच्या ३४व्या वर्षी होता. त्या दिवशी त्याच्या खात्यात १,०५० झेल, १६,३७७ यार्ड आणि १५४ टचडाउन होते. तिथेच तो थांबला असता, तर पुढे लॅरी फिट्झगेराल्ड झेलांत (१,४३२) आणि यार्डांत (१७,४९२) त्याच्या पुढे गेला असता. टचडाउनमध्येही रँडी मॉस (१५६) दोनाने सरस ठरला असता. म्हणजे ज्या बारा वर्षांमुळे लोक त्याला सर्वकाळचा श्रेष्ठ रिसीव्हर म्हणतात, त्या बारा वर्षांच्या बळावर या तीनपैकी एकाही रकान्यात तो आज पहिला नसता.

पुढच्याच हंगामाच्या पहिल्या सामन्यात, ३१ ऑगस्ट १९९७ला, त्याचा डावा गुडघा गेला. त्यानंतर १९९८ ते २००४ या सात हंगामांत त्याने ४९२ झेल, ६,४४० यार्ड आणि ४२ टचडाउन केले. वय ३५ ते ४२. बहुतेक रिसीव्हर या वयाच्या आतच घरी बसलेले असतात. कॅल्विन जॉन्सनचे उदाहरण घ्या. त्याने २०१२मध्ये १,९६४ यार्ड करून राइसचा एका हंगामाचा १,८४८चा विक्रम मोडला. राइसपेक्षा तो उंच, दणकट आणि वेगवान होता. तोही नऊ हंगामांनंतर, तिशीत, ११,६१९ यार्डांवर थांबला.

या प्रकरणात आपल्याला एवढेच शोधायचे आहे: राइसच्या खेळात असे काय होते जे वयाने आणि मोडलेल्या गुडघ्यानेही झिजले नाही? त्याचे उत्तर १९९८मध्ये सापडत नाही. त्यासाठी १९८५मध्ये जावे लागते.

काम नेमके काय असते

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते, तसे सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे देऊन खेळी सुरू झाली, की आधी ठरलेल्या मार्गाने म्हणजे रूटने धावतो आणि क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, फेकलेला बॉल घेतो. बघणाऱ्याला वाटते की रिसीव्हर मोकळा झाला म्हणून बॉल आला. खरे तर चांगल्या आक्रमणात रिसीव्हर वळायच्या आधीच बॉल हातातून सुटलेला असतो. क्वार्टरबॅक माणसाला बघून फेकत नाही, जागेला फेकतो. माणूस त्या जागी त्या क्षणी पोचला नाही तर बॉल विरोधी कॉर्नरबॅकच्या, म्हणजे रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूच्या, हातात जातो.

म्हणून हे काम चार तुकड्यांत बघावे: समोरच्या बचावपटूच्या हातांतून सुटणे, रूट बिनचूक धावणे, बॉल घेणे आणि घेतल्यावर पळणे. सरळ रेषेतला कमाल वेग यांपैकी शेवटच्या तुकड्यात आणि लांबच्या पासला उपयोगी पडतो. बाकी ठिकाणी पाय, कंबर, डोळे आणि हात यांचा मेळ लागतो.

१९८५: कशाचे माप घेतले गेले

राइस मिसिसिपी राज्यातल्या क्रॉफर्ड नावाच्या छोट्या गावचा. वडील गवंडी. उन्हाळ्यात मुले त्यांच्या हाताखाली काम करत, आणि परांचीवर उभा राहून भावांनी खालून फेकलेल्या विटा झेलण्याचे काम जेरीकडे असे. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, पण तिच्यात खरा मुद्दा आहे. वीट ताठ हातांनी घेतली तर बोटे सोलली जातात. ती येते त्या दिशेने हात किंचित मागे नेत, तिचा जोर जिरवत घ्यावी लागते. फुटबॉलचा बॉलही तसाच घ्यायचा असतो.

कॉलेज मिसिसिपी व्हॅली स्टेट. प्रशिक्षक आर्ची कूली, क्वार्टरबॅक विली टॉटन. हडल (खेळीआधी घोळका करून सूचना देणे) न करता, चार-पाच रिसीव्हर पसरवून धडाधड पास टाकणारे आक्रमण. १९८४मध्ये राइसने २७ टचडाउन झेलले. पण हे दुसऱ्या फळीतले कॉलेज होते, त्यामुळे समोरचे बचावपटू कच्चे असणार अशी शंका सगळ्यांना होती. आणि घड्याळ त्याच्या बाजूने नव्हते. ४० यार्डांची धाव, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, त्याने ४.६ ते ४.७ सेकंदांच्या दरम्यान धावली असे सांगितले जाते. पहिल्या फेरीतल्या रिसीव्हरसाठी हे माप साधारणच.

एप्रिल १९८५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, त्याच्या आधी दोन रिसीव्हर उचलले गेले: दहाव्या क्रमांकावर अल टून, तेराव्यावर एडी ब्राउन. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्स आदल्याच मोसमाचे विजेते असल्यामुळे त्यांची पाळी अगदी शेवटी, २८वी होती. प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी न्यू इंग्लंडशी व्यवहार केला, पहिल्या दोन फेऱ्यांतल्या आपल्या निवडी दिल्या, तिसऱ्या फेरीतल्या अदलाबदल केल्या आणि १६व्या क्रमांकावर जाऊन राइसला घेतले. वॉल्श यांच्या आक्रमणात लांब पासपेक्षा छोट्या, वेळेवर सुटणाऱ्या पासांना महत्त्व होते. त्यांना चाळीस यार्डांचे घड्याळ नको होते. बॉल हातात पडल्यावर पाऊल न मोडता पळणारा माणूस हवा होता. आमच्या मते ड्राफ्टच्या इतिहासातला हा सर्वांत विचारी व्यवहार आहे, कारण बाकीचे जे मोजत होते ते त्या कामाला फारसे लागतच नव्हते.

झेल का सुटत होते

पहिल्या वर्षी ४९ झेल, ९२७ यार्ड, ३ टचडाउन. दर झेलामागे जवळपास १९ यार्ड, म्हणजे हत्यार धारदार होते. पण हातात आलेले बॉल सुटत होते. तेही एक-दोनदा नाही, सतत. संघाच्या घरच्या मैदानावरचे, कँडलस्टिक पार्कचे, प्रेक्षक हुर्यो उडवू लागले.

विटा झेलणाऱ्या हातांना काय झाले? हातांना काहीच झाले नव्हते, गोंधळ डोक्यात होता. कॉलेजमध्ये खेळी लाइनवरच, दोन शब्दांत सांगितली जाई. वॉल्श यांच्या प्लेबुकात एका खेळीचे नाव म्हणजे एक लांबलचक वाक्य असे, आणि त्यातला आपला भाग उचलायचा असे. शिवाय समोरच्या बचावाची रचना पाहून रूट धावता धावता बदलायचा. नवखा खेळाडू हे सगळे आठवत धावतो तेव्हा त्याची पावले अर्ध्या क्षणाने मागे पडतात. डोळे बॉलवर उशिरा येतात. उशीर भरून काढायला तो बॉल हातात स्थिरावण्याआधीच नजर पुढच्या बचावपटूकडे वळवतो. बॉल बोटांवर आपटतो आणि सुटतो. मैदानावर सुटणाऱ्या झेलांपैकी फार मोठा वाटा या एकाच चुकीचा असतो: नजर एक क्षण आधी उचलणे.

घेण्याची रीत अशी. बॉल छातीच्या वर असेल तर अंगठे एकमेकांजवळ, कमरेखाली असेल तर करंगळ्या एकमेकांजवळ. हात शरीरापासून पुढे, कोपर किंचित वाकलेले. छातीवर बॉल घेणे म्हणजे तो उसळून जाऊ देणे. घेतल्यावर डोळ्यांनी बॉलला काखेपर्यंत पोचवायचे: एक टोक बोटांच्या पकडीत, दुसरे कोपराच्या आतल्या घडीत, वरून दंड आणि बाजूने बरगड्या. एवढे झाल्यावरच मान वळवायची.

राइसने यावर जो इलाज केला तो दिसायला साधा आहे. सरावात बॉल घेतला की तो प्रत्येक वेळी गोल लाइनपर्यंत, म्हणजे एंड झोनच्या रेषेपर्यंत, पूर्ण वेगाने धावत जाई. इतर रिसीव्हर चार पावले रेंगाळून बॉल परत फेकतात. एका सरावात समजा चाळीस बॉल आले आणि दर वेळी पन्नास यार्ड धावणे झाले, तर दोन हजार यार्डांची जास्तीची धाव होते. पण आमच्या मते दमसास हा त्याचा दुय्यम फायदा. मुख्य फायदा असा की घेणे, काखेत बसवणे आणि वळून पळणे या तीन क्रिया हजारो वेळा एकाच क्रमाने घडल्या. मग सामन्यात नजर आधी उचलायला जागाच उरली नाही.

९ डिसेंबर १९८५ला, सोमवारच्या रात्रीच्या सामन्यात, रॅम्सविरुद्ध त्याने १० झेलांत २४१ यार्ड केले. पुढच्या वर्षी ८६ झेल, १,५७० यार्ड, १५ टचडाउन.

तरीही दोष पुरता गेला नव्हता. ४ जानेवारी १९८७ला जायंट्सविरुद्धच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात तो मोकळा सुटला होता, पुढे फक्त एंड झोन होता, आणि कोणाचा हातही न लागता बॉल त्याच्याच काखेतून निसटला. तो सामना फोर्टी-नाइनर्स ४९-३ असे हरले. एका फंबलने ४६ गुणांचा पराभव होत नाही, हे खरे. पण राइसचा पुढचा हंगाम बघताना हा क्षण लक्षात ठेवावा. १९८७मध्ये खेळाडूंच्या संपामुळे त्याला फक्त १२ सामने मिळाले. त्यांपैकी प्रत्येक सामन्यात त्याने टचडाउन झेलला, एकूण २२. हा विक्रम २००७मध्ये रँडी मॉसने २३ करून मोडला, त्याला १६ सामने लागले.

स्लँट: तीन पावले

राइसचे सगळे मोठेपण स्लँट नावाच्या एका छोट्या रूटमध्ये दिसते, म्हणून तो जवळून बघू.

उभे राहताना आतल्या बाजूचा पाय पुढे. पहिले पाऊल बाहेरच्या पायाचे, दुसरे आतल्या, तिसरे पुन्हा बाहेरच्या. तिसऱ्या पावलावर बाहेरचा पाय रोवायचा आणि साधारण ४५ अंशांत मैदानाच्या मध्याकडे घुसायचे. तिकडे क्वार्टरबॅक सेंटरकडून बॉल घेऊन तीन पावले मागे येतो आणि तिसऱ्या पावलाला बॉल सोडतो. दोघांची पावले जुळली तर पाच-सात यार्डांवर बॉल रिसीव्हरच्या पुढच्या खांद्यावर येतो. सगळा खेळ दोन सेकंदांच्या आत.

चुका इथे ठरावीक असतात. वळण्याआधी पावले बारीक पडू लागली की कॉर्नरबॅकला सुगावा लागतो. कंबर उंचावली तरी तेच. पाय फार बाहेर टाकला तर वळण गोल होते आणि कॉर्नरबॅक आतून पुढे येऊन बॉल तोडतो. वळल्यावर रिसीव्हर हळूहळू पुढे सरकत गेला, तर बॉल पाठीमागे येतो. त्यासाठी थांबावे लागते, आणि थांबला की सेफ्टी, म्हणजे मागे राखणीला असलेला बचावपटू, येऊन आदळतो.

राइस वळणात जितक्या वेगाने शिरे तितक्याच वेगाने बाहेर पडे. चाळीस यार्डांच्या घड्याळात हा गुण दिसूच शकत नाही, कारण त्या धावेत वळण नसते. त्याच्यापेक्षा वेगवान कॉर्नरबॅक वळणावर एक पाऊल मागे पडत आणि ते एक पाऊल पुढच्या साठ यार्डांत भरून निघत नसे. बॉल घेताना त्याचे पाऊल मोडत नसे, म्हणून पाच यार्डांचा पास पन्नासचा होई. हाच रूट, हेच वळण, चाळिशीतही तसेच राहिले.

२२ जानेवारी १९८९ला मायामीत झालेल्या तेविसाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, याचा कस लागला. सामन्याआधी त्याचा घोटा दुखावलेला होता. सिनसिनाटी १६, सॅन फ्रान्सिस्को १३. तीन मिनिटे आणि काही सेकंद उरले असताना क्वार्टरबॅक जो मोंटॅनाच्या हाती बॉल आला तो स्वतःच्या ८ यार्डांच्या रेषेवर. समोर ९२ यार्ड. निम्म्याहून जास्त अंतर कापल्यावर पेनल्टी झाली, बॉल सिनसिनाटीच्या ४५ यार्डांच्या रेषेवर मागे आला आणि दुसऱ्या प्रयत्नात वीस यार्ड हवे होते. मोंटॅनाने मधल्या भागात धावणाऱ्या राइसला बॉल दिला. आजूबाजूला बचावपटू होते. त्याने पळता पळता बॉल घेतला आणि ते एकत्र यायच्या आत त्यांच्यामधून निसटला. २७ यार्ड, बॉल थेट १८वर. दोन खेळींनंतर, ३४ सेकंद उरले असताना, जॉन टेलरने विजयी टचडाउन झेलला. त्या खेळीत स्नॅपआधी बाजूने सरकणाऱ्या राइसने बचावाचे लक्ष आपल्याकडे ओढले होते. २०-१६. राइसचे त्या सामन्यात ११ झेल, २१५ यार्ड, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

उलटी फिरकी आणि टेकडी

१९९१मध्ये मोंटॅनाचे कोपर गेले आणि त्याच्या जागी क्वार्टरबॅक म्हणून स्टीव्ह यंग आला. यंग डावखुरा. उजव्या हाताचा बॉल हवेत एका दिशेला फिरत येतो, डाव्या हाताचा विरुद्ध दिशेला, आणि शेवटच्या टप्प्यात झुकतोही विरुद्ध बाजूला. बोटांना वर्षानुवर्षांची सवय लागलेली असते ती मोडावी लागते. क्रिकेट बघणाऱ्याला वेगळे सांगायला नको. राइसने हजारो बॉल घेऊन ही सवय बदलली. मोंटॅनाकडून त्याला ५५ टचडाउन मिळाले होते, यंगकडून ८५ मिळाले.

हंगाम संपल्यावरचा त्याचा क्रम संघातल्या रॉजर क्रेगमुळे सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला एजवुड पार्कमध्ये सुमारे चार किलोमीटरची चढाची पायवाट आहे. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी ही वाट धावत चढायची. मध्ये सर्वांत उभ्या टप्प्यावर थांबून ४० मीटरच्या दहा धावा काढायच्या आणि मग उरलेली वाट पुरी करायची. दुपारी वजने. चढावर धावताना पाय आपोआप शरीराखाली पडतो, गुडघा उंच उचलावा लागतो आणि सपाटीपेक्षा आदळ कमी बसते. वळणात शिरताना लागणारी मांडी आणि नितंबाची ताकद तिथे तयार होते. नवे खेळाडू हौसेने त्याच्याबरोबर जात आणि वाटेतच आडवे पडत, अशा हकीकती आहेत. १९८५ पासून १९९७च्या पहिल्या सामन्यापर्यंत त्याने सलग १८९ सामने खेळले, त्याचे मूळ या वाटेवर आहे.

१०६ दिवस

३१ ऑगस्ट १९९७, टँपा. राइस रिव्हर्स खेळीत, म्हणजे चाल एका बाजूची दाखवून उलट दिशेला नेण्याच्या खेळीत, बॉल घेऊन धावत होता. विरोधी बचावपटू वॉरन सॅपने त्याची फेसमास्क (हेल्मेटची तोंडापुढची जाळी) पकडून खाली खेचली. ही पेनल्टीची चूक आहे आणि ती का आहे हे इथे दिसले: डोके आणि धड एकीकडे ओढले गेले, रोवलेला डावा पाय जागीच राहिला, आणि मधला गुडघा पिळवटला. गुडघा आतून आवळून धरणारा एसीएल नावाचा अस्थिबंध फाटला.

१५ डिसेंबरला, म्हणजे १०६ दिवसांनी, तो पुन्हा मैदानात उतरला. कँडलस्टिकवर सोमवारच्या रात्री डेन्व्हरविरुद्ध सामना होता, आणि त्याच रात्री मोंटॅनाच्या जर्सीचा १६ क्रमांक निवृत्त केला जाणार होता, म्हणजे तो पुढे कोणाला दिला जाणार नव्हता. राइसने तीन झेल घेतले. तिसऱ्यावर टचडाउन झाला आणि खाली येताना डावा गुडघा जमिनीवर आदळला. दुरुस्त केलेला एसीएल टिकला, पण गुडघ्याची वाटी तडकली. हंगाम संपला.

यातली यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. फाटलेला एसीएल सहसा शिवून जोडत नाहीत, त्याच्या जागी दुसरा पट्टा बसवतात. एका रूढ पद्धतीत तो पट्टा वाटीखालच्या स्नायुबंधातून, वाटीच्या हाडाचा लहानसा तुकडा धरून काढतात. त्यामुळे वाटी काही महिने कच्ची राहते. शिवाय नवा पट्टा हाडात रुजायला आणि त्याला बळ यायला बराच काळ जातो. मधले दिवस फसवे असतात: सूज उतरलेली असते, मांडी भरलेली असते, खेळाडूला सगळे ठीक वाटते. आज जाणकार डॉक्टर सहसा नऊ महिन्यांच्या आत सामन्यात उतरू देत नाहीत. राइसची जिद्द आम्हाला मनापासून मोठी वाटते, पण हा निर्णय चुकीचा होता आणि या प्रकरणातली ही एक गोष्ट कोणत्याही तरुण खेळाडूने उचलू नये.

दुसऱ्यांदा त्याने वेळ घेतला. सप्टेंबर १९९८मध्ये परतला आणि सगळे १६ सामने खेळला: ८२ झेल, १,१५७ यार्ड, ९ टचडाउन.

काय गेले, काय राहिले

गुडघ्याआधीच्या बारा हंगामांत दर झेलामागे १५.६ यार्ड. गुडघ्यानंतरच्या सात हंगामांत १३.१. आधी दर सात झेलांमागे जवळजवळ एक टचडाउन, नंतर दर बारा झेलांमागे एक. म्हणजे लांब पास आणि शेवटची झेप गेली. पाच, आठ, बारा यार्डांवर वळून मोकळे होणे राहिले. वय ज्या क्रमाने घेऊन जाते त्याच क्रमाने गेले, फक्त त्याच्याकडे उरलेला साठा फार मोठा होता.

१९९९ला ८३० यार्ड आणि २०००ला ८०५ झाले तेव्हा तो संपला असे लिहिले गेले. आमच्या मते तो निष्कर्ष घाईचा होता. डोक्याच्या मारामुळे यंगची कारकीर्द १९९९मध्ये संपली होती, क्वार्टरबॅक नवा होता, आणि दुसरा रिसीव्हर टेरेल ओवेन्स संघाचा पहिला पर्याय झाला होता. १७ डिसेंबर २०००ला, फोर्टी-नाइनर्सकडून राइसने कँडलस्टिकवर खेळलेल्या अखेरच्या सामन्यात, ओवेन्सने एकट्याने २० झेल घेतले. राइसकडे बॉल येत नव्हता.

२००१मध्ये तो खाडीपलीकडे ओकलंड रेडर्सकडे गेला आणि ८३ झेलांत १,१३९ यार्ड केले. २००२मध्ये, चाळिशी गाठली त्या हंगामात, ९२ झेलांत १,२११. क्वार्टरबॅक रिच गॅनन त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २६ जानेवारी २००३ला टँपा बेकडून रेडर्स सुपर बोल ४८-२१ असे हरले, त्यातही राइसने ४८ यार्डांचा टचडाउन झेलला.

या टप्प्यात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. ओकलंडला त्याला आणणारे प्रशिक्षक जॉन ग्रुडन १९९०मध्ये फोर्टी-नाइनर्सकडे साहाय्यक होते. २००४च्या हंगामात तो सिअ‍ॅटलला गेला, तिथले माइक होल्मग्रेन वॉल्श यांच्या काळापासून सॅन फ्रान्सिस्कोत होते. २००५मध्ये डेन्व्हरला गेला, तिथले माइक शॅनहन १९९२ ते १९९४ राइसच्याच आक्रमणाचे सूत्रधार होते. तिन्ही ठिकाणी खेळींची भाषा तीच होती. १९८५मध्ये ज्या लांब वाक्यांनी त्याचे झेल सोडवले, तीच वाक्ये चाळिशीत त्याचे बळ झाली. एकविशीच्या कॉर्नरबॅकला ज्याचा विचार करावा लागे, ते त्याचे पाय विचार न करता करत.

नोंदवायलाच हवी अशी एक बाब. २०१५मध्ये दूरचित्रवाणीवर त्याने स्वतःच सांगितले की तो हातमोज्यांवर थोडा चिकट फवारा मारत असे. असे पदार्थ एनएफएलने १९८१मध्येच बंद केले होते, म्हणजे त्याची सगळी कारकीर्द बंदीनंतरची. हे नियमाबाहेरचे होते आणि त्याने ते करायला नको होते. त्याने किती झेल वाचले हे मोजता येणार नाही. वळणावरचे एक पाऊल मात्र हातमोज्यातून येत नाही.

सप्टेंबर २००४मध्ये, सलग २७४ सामन्यांत किमान एक झेल घेतल्यानंतर, एका सामन्यात त्याला एकही झेल मिळाला नाही. ओकलंडला सहा सामन्यांत फक्त पाच झेल झाले होते. त्याने बदली मागितली आणि सिअ‍ॅटलने त्याला घेतले. राइसचा नेहमीचा ८० क्रमांक तिथे जुना रिसीव्हर स्टीव्ह लार्जंट याच्या सन्मानार्थ निवृत्त होता, लार्जंटनेच तो वापरायची परवानगी दिली. दोन्ही संघांच्या विश्रांतीचे आठवडे वेगळे पडल्यामुळे सोळा सामन्यांच्या त्या हंगामात राइस सतरा सामने खेळला. ६ डिसेंबरला, वयाच्या ४२व्या वर्षी, डॅलसविरुद्ध ८ झेल आणि १४५ यार्ड.

२००५च्या उन्हाळ्यात डेन्व्हरच्या सराव शिबिरात तो होता. हंगाम तोंडावर आला तेव्हा स्पष्ट झाले की तो संघातला चौथा रिसीव्हर असेल. ५ सप्टेंबरला त्याने थांबत असल्याचे जाहीर केले.